रात्रीची निश्चिंत झोप : पोटावरील पिशवी आणि घराचे कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाशिम येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरांचा परिचय, वसतिगृहाचा जमाखर्च, या विषयांची आपल्या संमेलनास सवय आहे. आज आम्ही ज्या विषयावर चार शब्द बोलणार आहोत तो यांपैकी कोणत्याही सदरात बसत नाही. किंबहुना, हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे असेच पुष्कळांस वाटेल. तथापि ज्या गोष्टीमुळे आपल्याच घरची माणसे वर्षानुवर्षे रात्रीची झोप गमावून बसली आहेत, ती गोष्ट आपल्याच माणसांत बोलावयाची नाही तर कोठे बोलावयाची?

आपले संमेलन दोन दिवसांचे असते. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा येथून कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि रात्री कार्यालयात सतरंज्यांवर एका ओळीने झोपतात. या ओळीत काही माणसे कधीच दिसत नाहीत. त्यांच्या पोटावर शस्त्रक्रियेने मलाचा अथवा मूत्राचा मार्ग काढलेला असून त्यावर पिशवी लावलेली असते. दिवसा ती माणसे शेतात जातात, दुकानात बसतात, स्वयंपाकपाणी करतात. परंतु मुक्कामाचे नाव काढताच 'प्रकृती बरी नाही' असे सांगून घरी राहतात. खरे कारण एकच असते. रात्री झोपेत पिशवी गळाली, दुसऱ्याचे अंथरूण खराब झाले, तर तोंड कसे दाखवावे? या एका भीतीपायी लेकीचे घर सुटते, भावाच्या मुलाचे लग्न सुटते, पंढरीची वारी सुटते. ही भीती बव्हंशी दूर करता येते, आणि ती दूर करणे हे एकट्या रुग्णाचे काम नसून सबंध घराचे आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम ही अवस्था म्हणजे काय ते पाहू. आतड्याच्या अखेरच्या भागास कर्करोग झाला, विषमज्वराने अथवा क्षयाने आतड्यास छिद्र पडले, आतड्यास पीळ बसला, अपघातात पोटास जबर मार लागला, किंवा मूल गुदद्वाराविना जन्मास आले, तर शल्यचिकित्सक आतड्याचा भाग पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून तेथे शिवतात. या तोंडास स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा स्टोमा ती कोलोस्टोमी, लहान आतड्याचा ती इलिओस्टोमी आणि मूत्रासाठी काढलेला मार्ग ती युरोस्टोमी. कित्येकांची ही व्यवस्था काही महिन्यांपुरतीच असते व पुढे ती बंद करता येते. कित्येकांची जन्माची असते. निरोगी स्टोमा ओठाच्या आतील बाजूसारखा ओलसर व लाल दिसतो. त्यास आवळून धरणारा स्नायू नसतो. म्हणून त्यातून बाहेर येणारे इच्छेने रोखता येत नाही. आपण झोपतो, परंतु आतडे झोपत नाही. तेव्हा रात्रीच्या गळतीस रुग्णाचा आळस किंवा गलथानपणा म्हणणे हे अज्ञान होय.

पिशवीचा इतिहासही या भीतीशीच जोडलेला आहे. लंडनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली गुदाशयाच्या कर्करोगावरील आपली मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पुढे असे रुग्ण जगू लागले. परंतु त्यांच्या नशिबी कापडाच्या घड्या, रबरी पिशव्या आणि धातूच्या डब्या आल्या. डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सन नावाची एक परिचारिका होती. तिच्या थोरा नावाच्या बहिणीवर ही शस्त्रक्रिया झाली आणि गळतीच्या धास्तीने थोराने बाहेर पडणे टाकले. बहिणीचे हे कोंडून घेणे पाहून एलिसेने १९५४ साली अंगास चिकटणाऱ्या, एकदा वापरून टाकून देण्याच्या प्लास्टिकच्या पिशवीची कल्पना काढली. आणि पुढे आगे लुई-हान्सेन या प्लास्टिकच्या कारखानदाराने, परिचारिका असलेल्या आपल्या पत्नीच्या आग्रहावरून, ती तयार केली. आज जगभर वापरली जाणारी पिशवी अशा रीतीने एका बहिणीच्या कळवळ्यातून जन्मास आली.

दुसरी गोष्ट आपल्या रानातली आहे. सातपुड्याच्या उतारांवर आणि मेळघाटात पांढऱ्या, गुळगुळीत सालीचे एक झाड उन्हाळ्यात निष्पर्ण उभे असते. त्यास कांडोळ किंवा कढई म्हणतात. त्याचा डिंक 'कराया' या नावाने परदेशी जात असे व कवळी हिरड्यांस चिकटविण्याच्या भुकटीत पडत असे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांस १९५० च्या दशकात असे आढळले की ही भुकटी ओल्या कातडीवरही धरून राहते व मलापासून कातडीचे रक्षण करते. पुढे पेक्टिन, जिलेटिन इत्यादींच्या तबकड्या निघून डिंक मागे पडला. परंतु कातडी आणि पिशवी यांच्यामध्ये एक रक्षक थर असावा, हे तत्त्व या डिंकाने रूढ केले. याच टर्नबुल यांनी १९५८ साली नॉर्मा गिल या बाईंस इतर रुग्णांना शिकविण्याच्या कामी नेमले. त्या स्वतःच इलिओस्टोमी घेऊन जगत होत्या. ज्याने भोगले त्याने दुसऱ्यास शिकवावे, ही प्रथा तेथून पडली. आपल्याकडेही मुंबईत १९७५ साली ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली.

आता मुख्य विषयाकडे वळू. पिशवी रात्रीच अधिक का गळते? दिवसा आपण उभे असतो, तेव्हा मल खाली पिशवीच्या तळाशी उतरतो; आडवे झाल्यावर तो स्टोमाभोवतीच साचतो आणि तबकडीच्या कडेखाली शिरावयास पाहतो. दिवसा पिशवी भरली की हातास कळते. झोपेत कळत नाही. भरलेली पिशवी वजनाने तबकडीस ओढते, वायूने फुगलेली पिशवी तिला उचलते. त्यातून कूस बदलताना पोटास घड्या पडतात. एवढी कारणे ध्यानात आली म्हणजे उपाय आपोआप सुचू लागतात.

पहिला उपाय मापाचा. तबकडीचे छिद्र स्टोमाहून सुमारे दोन ते तीन मिलिमीटर मोठे असावे. छिद्र फार मोठे झाल्यास उघड्या कातडीवर मल साचतो व ती भाजते. फार लहान झाल्यास स्टोमाच्या कडेस इजा होते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होत जातो. म्हणून त्या काळात दर आठवड्यास माप घ्यावे. रुग्णालयात कापून दिलेल्या नमुन्यावरच वर्षभर तबकड्या कापत राहणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांची गळती थांबावी कशी?

दुसरा उपाय कातडीचा. चिकटणारी वस्तू कोरड्या आणि निर्मळ कातडीवरच चिकटते. आपल्या घरांत कातडी लाल झाली की खोबरेल, तूप किंवा हळद लावण्याची मायाळू घाई होते. इतरत्र ते ठीक असेल. पण स्टोमाभोवती तेलाचा अंश राहिला तर तबकडी रात्रभर टिकत नाही. नुसत्या कोमट पाण्याने धुवावे, मऊ कापडाने टिपून कोरडे करावे. डेटॉल, स्पिरिट व सुगंधी साबण वर्ज्य करावा. कातडी ओली चिघळली असल्यास स्टोमाची भुकटी किंचित भुरभुरून जास्तीची झटकून टाकावी. तबकडी लावल्यावर हाताच्या उबेने दोनतीन मिनिटे दाबून धरावी व थोडा वेळ स्वस्थ पडून राहावे.

तिसरा उपाय वेळेचा. तबकडी निजण्याच्या तोंडावर बदलू नये. नव्या तबकडीस धरावयास अवधी लागतो. पहाटे चहापाण्यापूर्वी स्टोमा सर्वांत शांत असतो, ती वेळ उत्तम. तबकडी किती दिवस ठेवावी हे तिच्या प्रकारावर व कातडीवर अवलंबून असते. पुष्कळांस तीन ते पाच दिवसांचा क्रम सोसतो. आपला क्रम ठरवावा आणि गळेपर्यंत थांबू नये. तबकड्या महाग आहेत हे आम्ही जाणतो. तथापि दोन दिवस अधिक ताणून वाचविलेले पैसे भाजलेल्या कातडीच्या औषधांत जातात, आणि झोप जाते ती वेगळीच. तबकडीखाली खाज सुटली किंवा आग होऊ लागली तर आत गळती सुरू झाली असे समजावे. तीवर वरून चिकटपट्ट्या मारून सकाळची वाट पाहणे हा सर्वांत घातक उपाय होय, कारण कोंडलेला मल कातडी खात राहतो. मध्यरात्र असली तरी उठून बदलावे.

चौथा उपाय पोटाच्या आकाराचा. तबकडी आडवे पडून लावावी व मग बसून, उभे राहून पाहावे. बसल्यावर स्टोमाजवळ घडी किंवा खळगा पडत असेल तर गळतीची वाट तीच. खळगा भरण्यासाठी स्टोमाची पेस्ट मिळते. ती खळ नव्हे, भिंतीची भेग बुजविण्याच्या लांबीसारखी ती वापरावी. स्टोमा कातडीच्या पातळीत किंवा आत गेला असेल तर बाहेरून फुगीर तबकडी व पट्टा यांचा उपयोग होतो. मात्र तो सल्ल्याने करावा. वजन वाढले, घटले किंवा स्टोमाशेजारी अंतर्गळाचा फुगवटा आला, तर जुनी पद्धत बदलावीच लागते.

पाचवा उपाय आहाराचा. रात्रीचे जेवण निजण्याआधी तीन तास उरकावे व ते हलके असावे. हरभऱ्याची डाळ, कोबी, कच्चा कांदा, सोड्याची पेये यांनी ज्यास वायू धरतो त्याने ते पदार्थ दुपारी घ्यावेत. परंतु गळती नको म्हणून रात्री उपाशी निजू नये. रिकाम्या आतड्यातही वायू होतो, आणि अंगातील शक्ती जाते. पाणी तोडणे तर त्याहून वाईट. इलिओस्टोमीतून दिवसाकाठी सुमारे अर्धा ते पाऊण लिटर द्रव बाहेर जातो. आपल्या भागात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा अशा माणसाने पाणी कमी केले तर मूत्रपिंडावर ताण येतो. मीठसाखरेचे जलसंजीवनी पाणी अशा घरी नेहमी असावे.

सहावा उपाय निजण्याच्या रीतीचा. निजताना पिशवी रिकामी करावी, आणि एरव्हीही ती एक तृतीयांश भरताच रिकामी करावी. ज्यांचा द्रव अधिक त्यांनी रात्री दोनच्या सुमारास गजर लावून एकदा उठावे. गळून जागे होण्यापेक्षा जागे होऊन रिकामी करणे बरे. उताणे अथवा स्टोमाच्या कुशीवर निजले तरी चालते. पिशवीचे टोक मांडीकडे न ठेवता किंचित बाहेरच्या बाजूस वळविल्यास मल उताराने तिकडे जातो. नाडीचा प्रश्न आपल्या पोशाखात विशेष आहे. परकराची किंवा पायजम्याची नाडी नेमकी पिशवीवरून आवळली जाते व मल वरच अडतो. नाडी स्टोमाच्या वर किंवा खाली बांधावी, अथवा रात्री सैल झगा वापरावा. कोलोस्टोमीत घट्ट मल कधी पिशवीत न उतरता तोंडाशीच थापला जातो. तेव्हा पिशवीत थोडी हवा राहू द्यावी व आतल्या बाजूस तेलाचे दोनचार थेंब टाकावेत, तबकडीस मात्र तेल लागू देऊ नये. युरोस्टोमी असलेल्यांसाठी नळीने जोडावयाची रात्रीची मोठी पिशवी मिळते. ती खाटेच्या पातळीखाली ठेवावी, नळीस पीळ पडू देऊ नये, जोडताना लहान पिशवीत थोडे मूत्र असू द्यावे म्हणजे प्रवाह सुरळीत लागतो, आणि सकाळी ती धुऊन वाळवावी.

सातवा उपाय सिद्धतेचा. गादीवर मेणकापड व त्यावर जुनी चादर. उशाशी एका डब्यात आधीच छिद्र कापून ठेवलेली एक तबकडी, एक पिशवी, मऊ कापड, पाण्याची बाटली, जुने वर्तमानपत्र व विजेरी. कारण आपल्याकडे वीज रात्रीच जाते. तबकड्यांचा साठा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. उष्णतेने चिकट थर बिघडतो. एवढे हाताशी असले की रात्रीची गळती ही दहा मिनिटांची अडचण उरते, आपत्ती राहत नाही.

घरचे उपाय कोठे थांबवावेत हेही सांगितले पाहिजे. स्टोमा काळा किंवा जांभळा पडला, रक्त थांबेना, इलिओस्टोमीतून काही तास काहीच न येता पोटात कळा व उलट्या सुरू झाल्या, किंवा पाण्यासारखे जुलाब लागून ग्लानी आली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. जिल्ह्याचे रुग्णालय येथेच आहे, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रेल्वेच्या वाटेवर आहे, आणि वाशिम येथेही २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे.

बंधुभगिनींनो, आतापर्यंत सांगितले ते रुग्णाने करावयाचे. पण हे सर्व करूनही त्यास झोप लागेल की नाही हे घरातील माणसांच्या वागण्यावर ठरते. आमच्या मातोश्रींस ही पिशवी लागली तेव्हा एका मोठ्या रुग्णालयातून निघताना आमच्या हाती एक खोके देण्यात आले आणि उभ्याउभ्या दोन मिनिटांत सर्व सांगून झाले. रात्रीविषयी एक अक्षरही कोणी बोलले नाही. पहिले चार महिने त्या पडवीत पोत्यावर निजत. गादी नको म्हणत. संध्याकाळचा घास सोडला. पहाटे कोणी उठण्याआधी आपले लुगडे आपणच धूत. देवघराच्या उंबऱ्याशी बसून दुरूनच हात जोडत. त्यांस कोणी 'दूर हो' म्हटले नव्हते, परंतु 'जवळ ये' असेही कोणी म्हटले नव्हते. पुढे त्याच आजारातून गेलेल्या एका गृहस्थांनी घरी येऊन माप घेण्यापासून सर्व समजावून दिले. आमच्या घरातील सुनेने आणि नातवाने तबकडी बदलावयास शिकून घेतले. गळती महिन्यातून एखाद्या वेळेवर आली. त्या वर्षीच्या दिवाळीत मातोश्री लेकीकडे चार रात्री राहून आल्या. औषध तेच होते, पिशवी तीच होती. बदलले ते घर.

म्हणून काही गोष्टी घराघरांत ठरवून टाकाव्यात. घरातील दोन माणसांना तरी पिशवी बदलता आली पाहिजे. रात्री गळती झाल्यास दिवा लावावा, चादर बदलावी, आणि सकाळी त्याची चर्चा करू नये. रुग्णाची खाट घरातच, शौचालयाजवळ, परंतु माणसांत असावी. सोवळ्याचा प्रश्न पुष्कळ घरी मनातल्या मनात सलत असतो. तो बोलून सोडवावा. मल प्रत्येकाच्या पोटात आहे. याच्या पोटात तो एका वेगळ्या वाटेने येतो, इतकेच. नीट बंद केलेली पिशवी लावून स्नान करून आलेला माणूस पूजेस बसला तर त्यात विटाळ कसला? आणि घरात वयात आलेली मुले असोत, नवी सून असो, त्यांच्यापासून हे लपवू नये. लपविलेल्या गोष्टीचीच किळस येते. समजलेल्या गोष्टीची येत नाही.

शेवटी मंडळास आमची तीन विषयांची विनंती आहे. पुढील संमेलनापासून कार्यालयातील तळमजल्याची, स्नानगृहाजवळची एक खोली अशा पाहुण्यांसाठी राखून ठेवावी. तेथे दोन खाटा, मेणकापड, पाणी आणि झाकणाची टोपली असावी, आणि खोली कोणासाठी आहे याची पाटी दारावर लावू नये. दुसरे, ज्यांस ही पिशवी घेऊन जगण्याचा अनुभव आहे अशा एकदोन सभासदांनी, नव्याने शस्त्रक्रिया झालेल्या कुटुंबास भेटण्याचे पत्करावे. नावे चिटणीसांपाशी राहावीत, छापू नयेत. तिसरे, ज्यांची पिशवी पुढे बंद झाली किंवा ज्यांचे माणूस गेले, त्यांच्याकडे न उघडलेली खोकी कपाटात पडून राहतात. ती मुदत पाहून मंडळाकडे द्यावीत व गरजू घरी पोचवावीत. यास निधी लागत नाही, इच्छा लागते.

आपल्या पूर्वजांनी ज्ञातिसंस्था काढल्या त्या अडचणीत एकमेकांस धरून राहण्यासाठी. मुलांच्या शिक्षणास आपण धरून राहिलो, लग्नकार्यास धरून राहिलो. आता ज्या अडचणीचे नाव घेण्यास माणूस लाजतो, तिलाही आपण धरून राहावे. पुढच्या वर्षी सतरंज्यांच्या त्या ओळीत, आज घरी राहिलेली माणसे आपल्याशेजारी निर्धास्त निजलेली दिसोत, एवढीच आमची इच्छा आहे.